चाळीतली खोली अर्ध्या स्केलमध्ये (१:२४): बाहुलीघर बांधणाऱ्यांसाठी चर्चेचा धागा

सुतारपक्षी

बाहुलीघर म्हटलं की उतरत्या छपराचं, आत पियानो आणि शेकोटी असलेलं विलायती घर डोळ्यांपुढे येतं. बाजारात मिळणारी किट्स, नकाशे, तयार फर्निचर सगळं त्याच घराला बेतलेलं असतं. मला बांधायची होती गिरगावातली आजोळची खोली. मोरी, पोटमाळा, फळीवरचे डबे, गॅलरीचा लाकडी कठडा यांतलं काहीच विकत मिळत नाही, सगळं मोजून करावं लागतं. त्या कामात हाताला जे लागलं ते इथे मांडते. इतर करणाऱ्यांनीही भर घालावी.

आधी स्केलचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. बाहुलीघरांचं रूढ माप १:१२, म्हणजे खऱ्या फुटाला एक इंच. त्याच्या निम्मं ते हाफ स्केल, १:२४, फुटाला अर्धा इंच. लांबी निम्मी झाली की जमीन पाव होते आणि घनफळ एक अष्टमांश. मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. बीडीडी चाळीतली (इंग्रजांच्या काळात सरकारने बांधलेल्या चाळी) खोली १६० चौरस फुटांची. ती १० बाय १६ धरली तर १:१२ मध्ये १० बाय १६ इंचांची होते, म्हणजे टेबलाचा मोठा भाग गेला. १:२४ मध्ये तीच खोली ५ बाय ८ इंच. ए-फोर कागद मधोमध दुमडला की जेवढा होतो, त्याहून किंचित लहान! तीन मजल्यांची चाळ, वर कौलांचं छप्पर धरूनही, पुस्तकांच्या कपाटात उभी राहू शकते.

दुसरी सोय म्हणजे आपल्या जुन्या इमारती फूट-इंचांत बांधलेल्या आहेत. इंचाचे सोळा भाग दाखवणारी स्टीलची पट्टी घेतली की गणित करावंच लागत नाही. पट्टीवरचा अर्धा इंच म्हणजे एक फूट, पाव इंच म्हणजे सहा इंच, एक अष्टमांश म्हणजे तीन इंच. सात फुटी दार साडेतीन इंचांचं. माणसाची बसायची उंची दीड फूट, म्हणजे खुर्चीची बैठक पाऊण इंचावर. थोडे दिवस काम केलं की डोळाच मोजायला लागतो.

भिंतींची जाडी मात्र बहुतेक जण विसरतात आणि घर खोक्यासारखं दिसतं. ९ इंची विटांची भिंत या स्केलला साडेनऊ मिलिमीटर भरते. बाहेरच्या भिंतीला ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली पाटी) वापरलं तर खिडकीला खोलपणा येत नाही आणि गिरगावातल्या खिडकीचं सगळं सौंदर्य त्या खोल कोनाड्यात आहे. मी ३ मिमीच्या दोन पाट्यांमध्ये ३ मिमी सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) घालून ती जाडी आणते. आतल्या फळ्यांच्या आडभिंतींना २ मिमी माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा) पुरतो.

मोगरा

किती दिवसांनी असा धागा आला! मी अगदी नवखी आहे. चिनी डब्यातलं एक किट जोडलं आहे, त्यावर १:२४ लिहिलं होतं. त्यातलं फर्निचर चाळीच्या खोलीत वापरता येईल का? आणि लाकूड कुठून आणता तुम्ही?

सुतारपक्षी

मोगरा, वापरण्याआधी मोजा. बऱ्याच किट्समध्ये डब्यावर १:२४ असतं, पण आत खुर्ची एका मापाची आणि कप दुसऱ्या मापाचा असतो. कपाची उंची ४ मिमीच्या आसपास, ताटाचा व्यास साधारण १२ मिमी, टेबलाची उंची ३२ मिमी, एवढं जमलं तर खुशाल वापरा.

लाकडासाठी फार हिंडावं लागत नाही. आइस्क्रीमची काडी साधारण १ सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे साडेनऊ इंची फळी: पोटमाळ्याला आणि जुन्या लाकडी जमिनीला उत्तम. कॉफी ढवळायच्या काड्या त्याच्या निम्म्या रुंदीच्या, त्यांची दारं होतात. आगपेटीची काडी २ मिमी, म्हणजे दोन इंची पट्टी, कठड्याच्या उभ्या दांड्यांना हीच. अगरबत्ती जळून गेल्यावर उरणारी बांबूची काडी जपून ठेवा, तिचा पाण्याचा नळ होतो. चाळीच्या मागच्या भिंतीवरून चढत जाणारे पाइप मी त्याच काड्यांचे केले आहेत. खिडकीच्या गजांना काडी जाड पडते. खरा गज १२ मिमीचा, आपल्याला अर्ध्या मिलिमीटरची तार हवी. ती लोहार चाळीत किंवा कुठल्याही वायरिंगवाल्याकडे मिळते. जुनी वायर सोलली तरी चालतं.

बाल्सा, बर्चची पातळ प्लाय, माउंटबोर्ड हे आर्किटेक्चरच्या मुलांचं सामान विकणाऱ्या फोर्ट आणि दादरच्या दुकानांत बघा. बारीक पटाशी, चिमटे, कानशी नागदेवी स्ट्रीटला. मणी, जर, लेस भुलेश्वरला. तिथे गर्दी फार असते, सकाळी दुकानं उघडता उघडता जा.

निळी_शाई

माहितीपूर्ण धागा. पण मी १:१२ च्या बाजूने बोलणार. मी बरीच वर्षं त्याच स्केलमध्ये करते आहे. जगातली नावाजलेली कामं त्याच मापात झाली आहेत. ब्रिटनच्या राणी मेरीचं बाहुलीघर, जे वास्तुकार एडविन लट्यन्सने १९२१ ते १९२४ या काळात उभारलं आणि आज विंडसर किल्ल्यात आहे, ते १:१२ चं. त्यात नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या ६८ थॉर्न रूम्स, म्हणजे लहान मापातल्या सजवलेल्या खोल्या, त्याही १:१२. कारण त्या मापात कारागिराला खरा सांधा करता येतो. ड्रॉवर उघडतो, कुलपात किल्ली फिरते. १:२४ मध्ये ड्रॉवरचा सांधा करायला गेलं तर लाकूडच तुटतं. आणि माझ्या वयात ४ मिमीचा कप रंगवणं डोळ्यांना झेपत नाही, हेही आहे.

सुतारपक्षी

निळी_शाई ताई, सांध्याबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. डव्हटेल (एकमेकांत अडकणाऱ्या दातांचा सांधा) दाखवायचा असेल तर १:१२ ला पर्याय नाही. पण मला वाटतं हाफ स्केलमध्ये काय साधायचं आहे तेच वेगळं आहे. १:१२ मध्ये आपण वस्तू बघतो. १:२४ मध्ये एका नजरेत अख्खी खोली दिसते, शेजारची खोली दिसते, दोघींना जोडणारी गॅलरी दिसते. चाळ म्हणजे ती गॅलरी. एकच खोली सुटी काढून दाखवली तर ती कुठलीही लहान खोली होते. दहा खोल्या ओळीने, समोर कठडा, टोकाला नळ आणि संडास, मधोमध जिना, असं दिसलं की बघणारा लगेच म्हणतो, अरे ही आमची चाळ. दहा खोल्यांचा मजला १:१२ मध्ये करायचा तर आठ-नऊ फूट लांबी हवी. कुणाच्या घरात ठेवणार?

डोळ्यांसाठी टेबलाला लावायचं भिंग घ्या, दिवा असलेलं. फार फरक पडतो. आणि या मापात सगळा तपशील करायचा नसतोच. ड्रॉवर उघडायचा नाही, फक्त त्याची फट दाखवायची. ०.५ मिमीच्या पेन्सिलीने ओढलेली रेघ पुरते.

कांदेवाडीकर

वाचून फार आनंद झाला. मी पेशाने सुतारकाम केलेला माणूस, आता हात थांबले आहेत, म्हणून जिन्याबद्दल सांगतो. गिरगावातल्या जुन्या माळ्यांचे जिने उभे असत. मजल्याची उंची ११ फूट धरली तर १३२ इंच. १६ पायऱ्या केल्या की एकेक सव्वाआठ इंचांची येते. तुमच्या मापात पावणेनऊ मिलिमीटरला थोडी कमी. पायरी वेगवेगळी कापून चिकटवत बसू नका. दोन बाजूंच्या पाट्या एकावर एक ठेवून, दोरीने घट्ट बांधून खाचा एकदम पाडा, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात. पायरीचा पुढचा काठ पॉलिश पेपरने मधोमध किंचित खोलगट करा. शंभर वर्षं माणसं चढली की सागवान तिथेच झिजतं, कडेला झिजत नाही.

आणि कठड्याचा वरचा हात गोल करायला विसरू नका. लोक त्यावर कोपर टेकून उभे राहत.

मोगरा

कांदेवाडीकर काका, हे कुणीच सांगितलं नसतं. मनापासून आभार.

आता एक अडचण. जूनमध्ये एमडीएफची जमीन केली, वर फरशीचा छापलेला कागद फेव्हिकॉलने चिकटवला. आठवड्यात ती जमीन वर वळली. काय करू?

सुतारपक्षी

मुंबईत हा प्रश्न प्रत्येकाला येतो. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं. एकाच बाजूला लावलं की कागद ओला होऊन पसरतो, सुकताना आकसतो आणि पाटीला आपल्याकडे ओढतो. त्यात पावसाळ्याची हवा. उपाय असा: जेवढा कागद वर, तेवढाच साधा कागद त्याच दिवशी खालच्या बाजूलाही चिकटवायचा. दोन्हीकडचा ओढा सारखा झाला की पाटी सपाट राहते. मग वर पुस्तकांचं वजन ठेवून एक दिवस तसंच सोडा. एमडीएफच्या कापलेल्या कडा सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून जोडणीआधी सगळ्या कडांना सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा द्रव) किंवा चपडीचे दोन हात द्या. वळलेली जमीन असेल तर खालून ओलसर फडका फिरवा, कागद लावा, दाबून ठेवा. बहुधा सरळ होईल.

खिडकीच्या काचेसाठी ॲक्रिलिक किंवा ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) वापरत असाल तर जवळपास फेव्हिक्विक नको. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरा धुरकट थर बसतो, तो पुसून जात नाही. तिथे टाचणीच्या टोकाने फेव्हिकॉल लावा. सुकला की दिसत नाही.

रेझिस्टर

दिव्यांचं माझ्याकडे. मी ठाण्यात असतो, सामान लॅमिंग्टन रोडवरून आणतो.

साधा घरगुती बल्ब ६० मिमीचा, म्हणजे १:२४ ला अडीच मिमी. ३ मिमीचा एलईडी थोडा मोठा दिसतो, पण उघड्या बल्बसारखा टांगला तर चालतो. मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट पुरतात. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, उरलेले २ व्होल्ट रेझिस्टरने (विजेचा प्रवाह कमी करणारा छोटा भाग) घ्यायचे. १०० ओहम लावला तर २० मिलिअँपिअर जातात आणि खोलीत प्रखर उजेड पडतो, तो अगदी खोटा वाटतो. ४७० ओहम लावा. चार-एक मिलिअँपिअरमध्ये चाळीस वॉटच्या बल्बचा उजेड बरोबर उतरतो. रंग वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरा घ्या. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रेझिस्टर हवा, सगळ्यांना मिळून एक नको.

ट्यूबलाइट करायची असेल तर चार फुटी ट्यूब ५० मिमी लांब आणि दीड मिमी जाड येते. दीड मिमीची पारदर्शक ॲक्रिलिक दांडी बारीक पॉलिश पेपरने घासून दुधी करा, एका टोकाला छोटा थंड पांढरा एसएमडी (चपटा, तांदळाएवढा) एलईडी लावा. दांडी उजळते. वायर भिंतीच्या दोन पाट्यांमधून न्यायची असते, म्हणून भिंत चिकटवण्याआधी दिवे लावून बघा. सुतारपक्षी यांची सनबोर्ड मध्ये घालायची पद्धत त्यासाठी उत्तम, त्यातच खाच पाडता येते.

तिसरा_मजला

मी नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं, कारण विषय आमच्या घराचा आहे. जन्म बीडीडीतला. तिथे पुनर्विकास चालू आहे, १६० फुटांच्या जागी लोकांना ५०० फुटांची घरं मिळताहेत. ती मिळायलाच हवीत, आमच्या आयांनी त्याची फार वाट पाहिली.

माझी एक विनंती आहे. चाळीची जी मॉडेलं मी चित्रांत पाहतो, त्यांत पोपडे उडालेली भिंत, गंजलेलं डबडं, काळवंडलेली मोरी, लोंबणाऱ्या तारा असतात. करणाऱ्याचा हात चांगला असतो, पण आमची खोली अशी नव्हती. आई मोरी रोज घासत असे. फळीवरचे स्टीलचे डबे उतरत्या उंचीने लावलेले आणि चकचकीत. दिवाळीआधी दरवर्षी रंग. आठ माणसं एका खोलीत राहायची तर वस्तू जागेवरच असावी लागते, नाहीतर रात्री अंथरूण पडत नाही. बाहेरचा जिना जुना असेल, आतलं घर नीटनेटकं होतं. तेवढं दाखवा.

निळी_शाई

तिसरा_मजला, हे वाचून थांबले. बाहेर जीर्ण आणि आत लख्ख, हा फरकच किती बोलका आहे. एरवी मॉडेल करणारे आधी सगळ्यावर तपकिरी वॉश (पातळ केलेल्या रंगाचा हात) फिरवतात, कारण ते सोपं असतं आणि फोटोत छान दिसतं.

कांदेवाडीकर

सहमत. झिजणं आणि मळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंबरा झिजलेला असतो, पण स्वच्छ पुसलेला आणि त्यावर रांगोळी. हे दोन्ही एकत्र दाखवता आलं पाहिजे.

सुतारपक्षी

तिसरा_मजला दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आता मी माझ्या चाळीचं रंगकाम याच नियमाने करणार: जिथे सगळ्यांचा हात लागतो तिथे झीज, जिथे घरातल्यांचा हात लागतो तिथे लखलखीत.

डब्यांसाठी सांगते. सहा इंची डबा म्हणजे ६ मिमी. तेवढ्या जाडीची ॲल्युमिनियमची नळी छोट्या करवतीने कापायची, झाकणाला त्याच मापाची चकती. ऑफिसच्या पंचिंग मशीनचं भोक ६ मिमीचंच असतं, त्यामुळे केटररच्या फॉइलच्या डब्यातून चकत्या पंच केल्या की झाकण तयार. हीच चकती खोडरबरावर ठेवून रिकाम्या बॉलपेनने मधोमध दाबली की ताटली होते. तांब्याला ५ मिमीचा पितळी मणी, वर बारीक रिंग. पिंप दोन फूट उंच, म्हणजे एक इंच. लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, म्हणजे सव्वातीन इंच बाय दीड इंच. १ मिमी माउंटबोर्डचं करून राखाडी रंगाचे पातळ हात द्या.

मोगरा

आणि कपडे? मी गॅलरीत साड्या वाळत घालून पाहिल्या, पण कापड पुठ्ठ्यासारखं ताठ राहतं.

सुतारपक्षी

माप लहान झालं तरी धागा तेवढाच जाड राहतो, म्हणून असं होतं. साडेपाच मीटरची साडी १:२४ ला २३ सेंटीमीटर लांब आणि पाच सेंटीमीटरला जराशी कमी रुंद. नऊवारी चौतीस सेंटीमीटर. त्यासाठी जुनं, धुऊन धुऊन विरलेलं मलमल किंवा पातळ रेशीम घ्या. नवं सुती कापड कितीही बारीक असलं तरी पडत नाही. फेव्हिकॉलमध्ये चारपट पाणी घालून त्यात बुडवा, थर्माकोलच्या तुकड्यावर टाचण्यांनी हव्या तशा चुण्या धरून सुकवा. काठ विणलेला शोधू नका, रंगाने काढा. गडद रंग एक छटा फिका घ्या, लहान वस्तूवर भडक रंग खेळण्यासारखा दिसतो.

अजून एक. जमलं तर भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन या. ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे पोशाख, व्यवसाय दाखवणाऱ्या मातीच्या लहान मूर्ती आणि देखावे आहेत. एवढ्याशा आकारात पागोट्याचा पीळ आणि धोतराची चुणी कशी दाखवली आहे ते जवळून बघण्यासारखं आहे. आपल्याकडे भातुकली आहे, सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत, दिवाळीचा किल्ला आहे. लहान जग मांडायची सवय आपल्याला घरातूनच असते.

तिसरा_मजला

माझ्या मावशीची खोली अजून तिच्या ताब्यात आहे, काही महिन्यांत रिकामी करायची आहे. मला ती बांधायची आहे. हात बसलेला नाही, पण निदान मापं तरी घेऊन ठेवतो. काय काय मोजू?

सुतारपक्षी

या रविवारीच जा. बांधायला पाच वर्षं लागली तरी हरकत नाही, खोली मात्र पुन्हा मोजायला मिळणार नाही.

लांबी-रुंदी-उंची तर घ्याच, शिवाय खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. जुन्या खोल्या काटकोनात नसतात. दाराची आणि खिडकीची चौकट, भिंतीची जाडी, उंबऱ्याची उंची, खिडकीच्या गजांमधलं अंतर. मोरीच्या कट्ट्याची उंची आणि नळ जमिनीपासून किती वर. फळ्या जमिनीपासून किती उंचावर आहेत तेही घ्या, कारण मावशींच्या हाताच्या उंचीवर त्या बसवलेल्या असणार. पोटमाळ्याखाली किती जागा उरते. फरशीचा एकेक तुकडा. शहाबादी असेल तर तुकडे लहानमोठे असतात, सरळ वरून फोटो घ्या आणि चौकटीत टेप ठेवा. फोटो भिंतीसमोर काटकोनात उभं राहून, प्रत्येकात एक पट्टी दिसेल असा. रंगासाठी खिडकीजवळ दिवसा, फ्लॅश न लावता.

मावशींना शेजारी बसवा आणि काय कुठे असायचं ते त्यांनाच विचारा. खुंट्या किती, कुणाची कुठली. देव्हाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला. गादीची वळकटी दिवसा कुठे ठेवत.

रेझिस्टर

स्विचबोर्डाची जागा आणि वायरिंगची लाकडी पट्टी भिंतीवरून कशी जाते त्याचाही फोटो घ्या. दिव्यांचं मी करून देतो, ठाण्याला या किंवा मी येतो.

कांदेवाडीकर

दाराची बिजागरी आणि कडी-कोयंडा मला फोटोतून पाठवा. पितळेच्या पत्र्यात कसे करायचे ते काढून दाखवतो.

तिसरा_मजला

मावशीला फोन केला. ती म्हणते मोरीचा कट्टा मोजायची गरज नाही, बरोबर नऊ इंच आहे, काकांनी स्वतः बांधला होता. तरी मोजून आणतो.